३,३५,५०,३३६ : एका संख्येची झाडाझडती

तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात हा आकडा दिसला तर कोणी त्याकडे दुसऱ्यांदा बघणार नाही. संख्या सिद्धांताच्या इतिहासात मात्र या आकड्याने हजारभर वर्षे भल्याभल्यांना हुलकावणी दिली, आणि सापडला तेव्हा प्राचीनांचा एक लाडका समज मोडीत काढला.

मोठी संख्या समोर आली की पहिला प्रश्न पडतो तो तिला कोणत्या प्रकारात घालायचे हा. प्रकारांना तोटा नाही. नील स्लोन या गणितज्ञाने १९६४ मध्ये पूर्ण संख्यांच्या मालिका टिपून ठेवायला सुरुवात केली. त्या संग्रहात आज साडेतीन लाखांहून अधिक मालिका आहेत. कोणतीही संख्या घ्या, ती त्यांतल्या कुठल्या ना कुठल्या मालिकेत बसतेच. गुण शोधायला बसले तर प्रत्येक संख्या गुणी निघते. मग त्यांतले कोणते गुण तिचे स्वतःचे, आणि कोणते आपण तिला दहा अंकांत लिहितो म्हणून चिकटलेले? ३,३५,५०,३३६ या एकाच संख्येवर या वर्गीकरणांची परीक्षा घेता येते, कारण जवळजवळ प्रत्येक प्रकाराला ती काही ना काही उत्तर देते.

तिची फोड साधी आहे. २ चा १२ वा घात, म्हणजे ४०९६, गुणिले ८१९१. ही ८१९१ मूळ संख्या आहे. त्यामुळे विभाजक मोजून २६ : एक, दोन, चार असे दुपटीदुपटीने ४०९६ पर्यंत १३, आणि त्या प्रत्येकाची ८१९१ पट असे आणखी १३. पहिल्या तेरांची बेरीज ८१९१. दुसऱ्या तेरांतून खुद्द आपली संख्या वगळली की उरलेल्या बारांची बेरीज ८१९१ गुणिले ४०९५, म्हणजे ३,३५,४२,१४५. दोन्ही बेरजा मिळवा. उत्तर पुन्हा ३,३५,५०,३३६.

स्वतःला सोडून बाकीच्या सगळ्या विभाजकांच्या बेरजेइतकी असणारी संख्या म्हणजे परिपूर्ण संख्या. ६ ही पहिली (१, २, ३ यांची बेरीज), मग २८, ४९६, ८१२८, आणि आपली ही पाचवी. युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास त्या तयार करण्याची रीत सिद्ध करून ठेवली होती. १ पासून दुप्पट करत संख्या मिळवत जायच्या, आणि बेरीज मूळ संख्या आली की तिला शेवटच्या पदाने गुणायचे. आपल्या संख्येत ती बेरीज ८१९१ आहे, शेवटचे पद ४०९६.

वर्गीकरणाची खरी हौस होती ती निकोमाकसला. इसवी सन १०० च्या आसपास त्याने सगळ्या संख्यांची तीन भागांत वाटणी केली. विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा कमी पडली तर ती न्यून, जास्त झाली तर विपुल, बरोबर आली तर परिपूर्ण. न्यून आणि विपुल संख्यांची वर्णने त्याने अवयव कमी-जास्त असलेल्या प्राण्यांसारखी केली आहेत आणि परिपूर्ण संख्यांना सद्गुणांच्या पंक्तीला बसवले आहे. पुढे संत ऑगस्टीनने जग सहा दिवसांत निर्माण होण्याचा संबंध ६ च्या परिपूर्णतेशी लावला. गणितात नीतिमत्ता घुसवण्याचा हा प्रकार आज गमतीचा वाटतो, पण वर्गीकरण टिकले, कारण ते संख्येच्या विभाजकांवर उभे आहे. ती कशीही लिहा, रोमन अक्षरांत लिहा की गाठी मारून मोजा, विभाजक बदलत नाहीत.

या तीन भागांचा पसारा किती, याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. हॅरॉल्ड डॅव्हनपोर्टने १९३३ मध्ये दाखवले की विपुल संख्यांचे प्रमाण एका ठरावीक आकड्याकडे जाते. तो आकडा सुमारे २४.७६ टक्के आहे. म्हणजे चारांतली एक संख्या विपुल, बाकी जवळजवळ सगळ्या न्यून, आणि परिपूर्णांचे प्रमाण शून्य.

आपल्या संख्येचे शेजारीपाजारी तपासले तर एक मजेदार गोष्ट हाती लागते. तिच्या आधीची ३,३५,५०,३३५ ही विषम संख्या. तिची फोड ३ चा घन × ५ × ७ × १३ × २७३१. स्वतःला वगळून तिच्या विभाजकांची बेरीज ३,९८,८५,८२५ येते, म्हणजे ती विपुल. सम विपुल संख्या पैशाला पासरी मिळतात, विषम विपुल मात्र विरळा. त्यांतली सर्वांत लहान ९४५, आणि आपली शेजारीण नेमकी तिच्याच पटीत आहे. पलीकडची ३,३५,५०,३३७ घ्या. तिला ३, ५, ७, ११, १३ यांपैकी कशानेच भाग जात नाही. इतक्या आकाराच्या संख्येला लहान मूळ विभाजक नसतील तर तिच्या विभाजकांची बेरीज तिला गाठूच शकत नाही, म्हणून ती न्यून. विपुल, परिपूर्ण आणि न्यून अशा तिघी ओळीने उभ्या आहेत. ६, २८, ४९६, ८१२८ या आधीच्या चारही परिपूर्ण संख्यांच्या मागची संख्या न्यूनच आहे. ही रांग प्रथम पाचवीपाशीच लागते. यातून काही प्रमेय निघत नाही, पण निकोमाकसला ही दाखवता आली असती तर त्याने यावर एक प्रकरण लिहिले असते.

त्याला ती दाखवता आली नसती, कारण त्याच्यापाशी पहिल्या चारच परिपूर्ण संख्या होत्या. एकअंकी ६, दोनअंकी २८, तीनअंकी ४९६, चारअंकी ८१२८. एवढ्यावरून समज रूढ झाला की प्रत्येक अंकसंख्येला एकेक परिपूर्ण संख्या आहे आणि शेवटचा अंक आळीपाळीने ६ आणि ८ येतो. चार उदाहरणांवरून नियम बांधण्याचा मोह आजही अनेकांना आवरत नाही. या समजाप्रमाणे पाचवी पाचअंकी असायला हवी होती. ती निघाली आठअंकी. शेवटच्या अंकाचा समज मात्र तिच्यापर्यंत तगला, कारण ८ नंतर ६ आला. सहावी परिपूर्ण संख्या ८,५८,९८,६९,०५६ पुन्हा ६ नेच संपली, आणि तोही निकालात निघाला. सम परिपूर्ण संख्या ६ किंवा ८ ने संपते एवढे खरे. आळीपाळी खोटी.

पाचवी सापडायला उशीर का लागला? युक्लिडच्या रीतीत अडचण मूळ संख्या ओळखण्याची आहे. २ च्या घातातून १ वजा करून मूळ संख्या मिळायची तर घातांक स्वतः मूळ असावा लागतो. २, ३, ५, ७ या घातांकांना ३, ७, ३१, १२७ मिळतात, चारही मूळ. पुढचा घातांक ११. त्यातून येते २०४७, आणि ती २३ गुणिले ८९ आहे. इथे बरेच जण फसले आणि २०४७ ला मूळ धरून चालले. तेराव्या शतकात इस्माईल इब्न फल्लूसने दहा परिपूर्ण संख्यांची यादी दिली होती. तिच्यातल्या पहिल्या सात बरोबर आहेत, आपली संख्या धरून. युरोपात ती १४५६ ते १४६१ च्या दरम्यानच्या एका अनामिक हस्तलिखितात दिसते. १५३६ मध्ये हुडालरिकस रेगियसने २०४७ ची फोड छापून दाखवली आणि १३ व्या घातातून येणारी ३,३५,५०,३३६ पुढे ठेवली.

८१९१ मूळ आहे हे ठरवायला साध्या रीतीने किती कष्ट पडतात? तिचे वर्गमूळ ९० च्या जरा पुढे. म्हणजे ८९ पर्यंतच्या २४ मूळ संख्यांनी भागून पाहायचे. फर्माने १६४० मध्ये हे काम झटक्यात हलके केले. घातांक १३ असेल तर अशा संख्येचा कोणताही मूळ विभाजक १३ च्या दुपटीच्या, म्हणजे २६ च्या, पटीपेक्षा १ ने जास्त असतो. ९० च्या आत असे उमेदवार तीन : २७, ५३, ७९. त्यांतला २७ मूळ नाही. पुढे अठराव्या शतकात आणखी एक अट कळली, विभाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरावी. ५३ ची बाकी ५ उरते, तोही बाद. राहिला ७९. त्याने ८१९१ ला भागले तर बाकी ५४. चोवीस भागाकारांचे काम एका भागाकारावर आले. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत सुंदर तुकडा आहे. शाळेत नववी-दहावीच्या मुलांना तो दाखवायला काहीच हरकत नसावी.

याहून वेगळी वाट एदुआर ल्युकाने १८७६ च्या सुमारास शोधली आणि डी. एच. लेमरने १९३० मध्ये ती आजच्या रूपात आणली. इथे विभाजक शोधायचेच नाहीत. ४ पासून सुरू करा, वर्ग करा, २ वजा करा, ८१९१ ने भागून बाकी ठेवा, आणि हेच करत राहा. ४, १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८. आता १२८ चा वर्ग १६,३८४, त्यातून २ गेले की १६,३८२, म्हणजे ८१९१ ची बरोबर दुप्पट. बाकी शून्य. घातांक १३ असेल तर अकराव्या पायरीला शून्य यावे हा नियम, आणि ते आले. ल्युकाने याच जातीच्या युक्तीने २ च्या १२७ व्या घातातून १ वजा केलेली ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले, तेही हाताने. पुढे संगणकांची शोधमोहीमही कितीतरी वर्षे मुख्यतः याच वर्ग-वजा-बाकीवर चालली.

युक्लिडची रीत एकाच दिशेने बोलत होती : असे केले तर परिपूर्ण संख्या मिळते. उलट दिशेचा प्रश्न, प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच रीतीने येते का, इब्न अल-हैथमने हजार वर्षांपूर्वी हाताळला होता. सिद्धता ऑयलरने दिली, आणि ती त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, १८४९ मध्ये छापली गेली. या एका प्रमेयामुळे आपल्या संख्येचे पुष्कळ गुण आपोआप पदरात पडतात. ती त्रिकोणी आहे : १ ते ८१९१ पर्यंतच्या सर्व संख्यांची बेरीज तिच्याइतकी. ती षटकोनीही आहे, त्या मालिकेतली ४०९६ वी. १ पासून १२७ पर्यंतच्या ६४ विषम संख्यांचे घन मिळवले तरी तीच येते. ऐकायला हे चमत्कार वाटतात, पण ऑयलरच्या प्रमेयानंतर ते जुन्या सूत्राचेच नवे पेहराव आहेत. दर सम परिपूर्ण संख्येला ते लागू होतात, घनांच्या बाबतीत फक्त ६ चा अपवाद.

विसाव्या शतकाने विभाजकांवरून आणखी दोन चाळण्या लावल्या. नॉर्वेच्या ऑयस्टिन ओरने १९४८ मध्ये विभाजकांचा हरात्मक मध्य पूर्ण संख्या येतो का, हे विचारले. आपल्या संख्येचा तो मध्य १३ येतो, म्हणजे नेमका घातांकच. त्याच वर्षी ए. के. श्रीनिवासन यांनी ‘करंट सायन्स’मध्ये ‘प्रॅक्टिकल नंबर्स’ ही कल्पना मांडली. अशा संख्येपेक्षा लहान असलेली प्रत्येक संख्या तिच्या वेगवेगळ्या विभाजकांच्या बेरजेने मांडता यावी. दुकानदाराच्या वजनांसारखे हे आहे, मोजक्या वजनांत कुठलेही माप जमले पाहिजे. १,००,००० घ्या. त्यात ८१९१ बारा वेळा बसते आणि १७०८ उरतात. बारा म्हणजे आठ अधिक चार, म्हणून ६५,५२८ आणि ३२,७६४ ही दोन वजने, आणि उरलेल्या १७०८ साठी १०२४, ५१२, १२८, ३२, ८, ४. सगळी वेगवेगळी, सगळी आपल्या संख्येचे विभाजक. तीन कोटींच्या खालची कोणतीही संख्या अशीच जमते.

आता अंकांकडे वळू. अंकांवर बेतलेल्या गुणांबद्दल जी. एच. हार्डीचे मत प्रसिद्ध आहे. १९४० च्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’मध्ये त्याने ८७१२ आणि ९८०१ यांचे उदाहरण दिले. आपले अंक उलटे लिहून मिळणाऱ्या संख्येच्या पटीत असणाऱ्या चारअंकी संख्या या दोनच. हे वर्तमानपत्राच्या कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाला यात काही नाही, असा त्याचा निवाडा. त्याच दशकात नाशिकजवळच्या देवळालीत एक शाळामास्तर नेमके हेच आयुष्यभराचे काम म्हणून करत होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवले. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ चा गुण शोधला. चारअंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेले की शेवटी ही संख्या येते, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झाले. इथल्या विद्वानांपैकी अनेकांनी त्यांचे काम पोरखेळ समजून बाजूला ठेवले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला देवळाली कळली.

कापरेकरांच्या चाळण्या आपल्या संख्येला लावून पाहू. अंकांच्या बेरजेने भाग गेला तर संख्या हर्षद. ३,३५,५०,३३६ च्या अंकांची बेरीज २८, गंमत म्हणजे तीही परिपूर्णच. पण २८ ने भाग जायला ७ लागतो आणि आपल्या फोडीत ७ नाही. म्हणून हर्षद नाही. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी मिळत नाही ती स्वयंभू. आपली संख्या तशी मिळते : ३,३५,५०,३१३ च्या अंकांची बेरीज २३, ती तिच्यातच मिळवली की ३,३५,५०,३३६. म्हणजे तिला जनक आहे, आणि तो एकच. स्वयंभू नाही. शेवटी कापरेकर संख्या. संख्येचा वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, आणि तुकड्यांची बेरीज मूळच्या संख्येइतकी यायला हवी, जसे ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ बरोबर ४५. आपल्या संख्येचा वर्ग १६ अंकी आहे, ११२५६२५० आणि ४५७१२८९६ असे त्याचे दोन तुकडे पडतात. बेरीज ५,६९,६९,१४६. जमले नाही. तीनही परीक्षांत नापास.

हार्डीचे खरे ठरले असे वाटत असतानाच प्रकरण उलटते. हीच संख्या दशमान सोडून द्विमान पद्धतीत, फक्त ० आणि १ वापरून लिहा. १३ वेळा १ आणि मग १२ शून्ये, इतके नेटके रूप. तिचा वर्ग ५० अंकी होतो. उजवीकडचे २६ अंक वेगळे काढा. डावीकडे उरतात १२ एके आणि १२ शून्ये, म्हणजे दशमानात १,६७,७३,१२०. उजवीकडे एक शून्य, एक १ आणि २४ शून्ये, म्हणजे १,६७,७७,२१६. बेरीज ३,३५,५०,३३६. द्विमानात ती कापरेकर संख्या आहे. आणि ती एकटीच नव्हे. डग्लस इयानुची यांनी २००० साली दाखवले की झाडून सगळ्या सम परिपूर्ण संख्या द्विमान पद्धतीत कापरेकर संख्या असतात. युक्लिडची रीत आणि देवळालीच्या मास्तरांचा खेळ एकाच ठिकाणी भेटतात हे कापरेकरांच्या मृत्यूनंतर, १९८६ नंतर, चौदा वर्षांनी उघड झाले. अंकांचे गुण उथळ असतात हे हार्डीचे म्हणणे मला अर्धेच मान्य आहे. दहा हा पाया आपल्या बोटांनी ठरवला, त्यामुळे दशमानातल्या योगायोगांना फार किंमत देऊ नये. पण संख्येच्या घडणीला साजेसा पाया घेतला की अंकांतून घडणच दिसू लागते.

न सुटलेले प्रश्न दोन, आणि दोन्ही जुने. परिपूर्ण संख्या अनंत आहेत का? माहीत असलेल्या ५२ आहेत. सर्वांत मोठी २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून निघते. त्यातली मूळ संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंटने जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘गिम्प्स’ या सामूहिक शोधात मिळवली. ती ४,१०,२४,३२० अंकी, आणि तिच्यातून येणारी परिपूर्ण संख्या ८,२०,४८,६४० अंकी. पीटर बार्लोने १८११ मध्ये लिहून ठेवले होते की आठव्या परिपूर्ण संख्येपुढे कोणी जाणार नाही, कारण या संख्या फक्त कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत. उपयोगाचे म्हणाल तर याच शोधातल्या प्रणालीने २०१६ मध्ये इंटेलच्या ‘स्कायलेक’ प्रोसेसरमधला दोष उघडकीला आणला.

दुसरा प्रश्न विषम परिपूर्ण संख्येचा. एकही सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही असेही कोणी सिद्ध केलेले नाही. ओशेम आणि राव यांनी २०१२ मध्ये दाखवले की असलीच तर ती १० च्या १५०० व्या घातापेक्षा मोठी असेल. १६३८ मध्ये देकार्तला १,९८,५८,५५,७६,१८९ ही संख्या दिसली. तिची फोड ३, ७, ११, १३ यांचे वर्ग गुणिले २२,०२१. शेवटचा गुणक मूळ असता तर ही विषम परिपूर्ण संख्या ठरली असती. तो मूळ नाही, १९ चा वर्ग गुणिले ६१ आहे. इतक्या जवळून हुकलेली दुसरी संख्या मला ठाऊक नाही.

हे सगळे वाचून हात शिवशिवत असतील तर सहाव्या परिपूर्ण संख्येपासून सुरुवात करावी. बोलोन्याच्या पिएत्रो कातालदीने १५८८ मध्ये १,३१,०७१ मूळ आहे हे ठरवले, आणि त्याच्या रीतीने ३६२ च्या आतल्या ७२ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. फर्माची युक्ती आणि ८ ची अट लावली की उरतात फक्त १०३, १३७ आणि २३९. तीन भागाकार करा, एकातही बाकी शून्य येणार नाही, आणि ८,५८,९८,६९,०५६ परिपूर्ण असल्याचे तुम्ही स्वतः सिद्ध केलेले असेल.